कडेची शेवंती

यिशुन, सिंगापूर
बुधवार, ता. २२ फेब्रुवारी १९९५

तीर्थरूप सौ. वन्सं यांस,

जयवंतीचा वाकून नमस्कार. हेमचंद्ररावांनाही सांगा. त्यांच्या गुडघ्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणजे बरा नसणार. एरंडाचं पान गरम करून बांधा आणि डॉक्टरला सांगू नका, ते उगीच हसतात.

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या परेशचं लग्न ठरलं हे वाचून मी स्वयंपाकघरात खाली बसकणच मारली आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. शकुनच झाला म्हणायचा. सूनबाई संजीवनी धावत आली, आई काय झालं म्हणून, तर मी नुसतं पत्र हलवून दाखवलं. तिला वाटलं वाईट बातमी. मग दोघी हसलो आणि ओटा पुसला.

मुलगी मिरजेची आणि उंच आहे म्हणता. असू दे. परेश बुटका राहिला तो माझ्यामुळे, मी त्याला कडेवरून खाली सोडलंच नाही म्हणून पाय वाढले नाहीत, असं तुम्हीच म्हणायचात. तुम्ही शाळेत शिकवायला जात होतात आणि तो दिवसभर माझ्या पदराला. कमी पडलेली उंची आता सून घेऊन येतेय, हिशेब बरोबर झाला.

पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ लिहिली आहे, 'ये, पण रीत तुला माहीत आहे.' वाचली. तिच्याकडे मागाहून येते. आधी इकडची मजा ऐका.

इथल्या चिनी लोकांचं नवं वर्ष नुकतंच झालं. त्यांचा पाडवाच म्हणा ना. या सणाला ते दाराशी कुंड्या आणून ठेवतात. बुटकी संत्र्याची झाडं, त्यांना लिंबाएवढाली संत्री लगडलेली, वर लाल कागद बांधलेले. आणि शेवंती! पिवळी, लाल, हे एवढाले गेंद. सण चालू असेतो आल्यागेल्याने कौतुक करायचं. आणि सण सरला की लिफ्टने खाली आणून कचऱ्याच्या मोठ्या पेटीशेजारी ठेवून द्यायची. मुळासकट, कुंडीसकट, जिवंत. दारात मिरवून झालं, आता नको. मी ते बघितलं आणि मला जेवण जाईना.

मग दुसऱ्या दिवशी मी संजीवनीची बाजाराची चाकाची पिशवी घेतली, ईशाला बरोबर घेतलं आणि खाली गेले. आमच्या इमारतीच्या पायथ्याशी, पावसाच्या गटाराच्या अलीकडे, हातभर रुंदीची मातीची पट्टी आहे. तिथे गवतसुद्धा धड येत नाही. त्या पट्टीच्या कडेकडेने मी ती सगळी झाडं लावली. वाळलेले गेंद खुडले, काड्या निम्म्या छाटल्या. दिसायला आता भकास दिसतं, खोटं कशाला सांगू. बोडक्या काड्यांची रांग. पण मुळं पांढरी आहेत, मी बघितलीत.

नंदू तुआसच्या गोदीत जहाजं दुरुस्त करायला उजाडायच्या आत जातो तो अंधारात येतो. त्याने रात्री खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, आई, इथे पान तोडलं तरी दंड होतो. मी म्हटलं, मी तोडत कुठे आहे, लावतेय. मग म्हणाला, आणि हे वसंत बिसंत इथे नसतं, आपण पृथ्वीच्या मधोमध आहोत, इथे बारा महिने एकच हवा. मी म्हटलं, तू जहाजांचं बघ.

तळमजल्याच्या कोपऱ्यावर लिमबाई म्हणून एक चिनी बाई राहते. माझ्याच वयाची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पण केस काळे करून कुरळे करते आणि फुलाफुलांची अर्धी चड्डी घालून बाजाराला जाते. कोणी काही म्हणत नाही. मी झाडं लावताना ती बाहेर आली ती भांडायलाच. मला तिचं कळेना, तिला माझं. ईशा मध्ये उभी राहून सांगायला लागली. "आजी, ती म्हणते कॅनॉट लाह, नाही चालत. जुन्या वर्षाचं फेकायचं असतं. परत आणलं की बॅड लक पण मागोमाग येतं."

मी म्हटलं, विचार तिला, झाडाला काय ठाऊक वर्ष कुठलं ते.

ईशाने काय सांगितलं देव जाणे. लिमबाई आत गेली, दार आपटलं. मी म्हटलं, झालं, आता तक्रार. तर ती बाहेर आली अंड्यांची टरफलं आणि एक जुनं खुरपं घेऊन, आणि माझी दोन झाडं उपटून तिने पुन्हा लावली. मी म्हणे खोल लावली नव्हती.

कराडहून येताना पदराच्या गाठीत अबोलीचं बी बांधून आणलं होतं, त्याची खिडकीतल्या कुंडीत रोपं केली होती, तीही लावलीत मधे मधे. विहिरीच्या कडेच्या आपल्या अबोलीचं. ती आता वाळली म्हणून तुम्ही लिहिलंत. पाणी घालायला कोणी उरलं नसेल.

ईशाला मी देवनागरी शिकवते, पत्रांच्या पाकिटांवरून. तुमच्या पाकिटावर तिने बोट ठेवून वाचलं, 'गं. भा. जयवंती'. गं. भा. म्हणजे काय म्हणाली. मी म्हटलं, पोस्टाची खूण असते ती.

आता तुमच्या त्या ओळीकडे येते. तुमचा भाऊ गेल्याला चौदा वर्षं झाली. चौदा वर्षं कुठल्याही कार्यात मी मागच्या दाराने आले आणि माजघरात बसले, तुम्हाला कधी सांगावं लागलं नाही. या वेळी मी एक मागते. लग्नाला निघताना परेशचं औक्षण मला करू द्या. बाकी मी कुठेही बसेन.

बोलून टाकलं. उत्तर कळवा. परेशला अनेक आशीर्वाद.

तुमची भावजय,
जयवंती

---

यिशुन
सोमवार, ता. २७ मार्च १९९५

तीर्थरूप सौ. वन्सं यांस,

नमस्कार. उत्तर लवकर आलं, बरं वाटलं. 'औक्षण सुरेखाच्या आईकडे दिलं आहे, तू पुरणाचं बघ.' बरं. पुरणाचं बघेन, पुरण काय मला नवं नाही. तुमची शेजारीण, सुरेखाची आई, भल्या घरची बाई आहे, तिचा नवरा धडधाकट आहे, मी काही म्हणत नाही. फक्त परेशला गोवर निघाला तेव्हा ती रात्री कुठे होती हे तुम्ही आठवून बघा, मला कळवायची गरज नाही.

बागेचं सांगते.

महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. इथे एरवी रोज दुपारी कोसळतो, पण फेब्रुवारी-मार्चात दडी मारतो. माती दगडासारखी झाली. रस्त्याकडेच्या मोठमोठ्या झाडांनी पानं टाकली. मी तांदळाचं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी, सगळं बादलीत साठवून लिफ्टने खाली नेत होते. लिफ्टमध्ये एक मलायी म्हातारा रोज भेटायचा, तो बादलीकडे बघून मान हलवायचा. नंतर नंतर तो माझ्यासाठी लिफ्ट धरून ठेवायला लागला. लिमबाई चहाचा चोथा आणून टाकायची आणि मला सांगायची, म्हणजे हातवारे करून, की मेलं सगळं, फेक. मी मान हलवायची, नाही. दोघींचं हे रोज चालायचं, सासू-सुनेसारखं.

आणि गेल्या आठवड्यात पाऊस आला. चांगला दोन दिवस. तिसऱ्या दिवशी खाली गेले तर काय सांगू तुम्हाला. बसस्टॉपपाशी एक झाड आहे, कालपर्यंत नुसती काटकी, ते डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी. एक पान नाही, फक्त फुलं. खाली रस्त्यावरही सडा. लोक बस सोडून बघत उभे. आणि माझ्या पट्टीत, वन्सं, प्रत्येक बोडक्या काडीच्या सांध्याला हिरवा ठिपका. शेवंतीच्या बुडाशी फुटवे आलेत मुठीमुठीने. संत्र्याला पालवी आलीय, तेलकट, चकचकीत, चुरगळली की वास येतो. अबोली वितीएवढी झाली. एका कडेने सुरू होऊन दुसऱ्या कडेपर्यंत हिरवी रेघ ओढल्यासारखी दिसते. मी खालीच बसले. लिमबाई आली, तिने बघितलं. मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

रात्री नंदूला खाली ओढून नेलं, टॉर्च घेऊन. म्हटलं, बघ तुझी पृथ्वीची मधली जागा. चैत्र तोंडावर आला हे हिला कोणी सांगितलं? तो म्हणाला, आई, कोरड पडून पाऊस आला की झाडं अशीच करतात, त्यात चैत्र कुठे आला. मी म्हटलं, चैत्र म्हणजे दुसरं काय असतं रे?

सेरंगून रोडवर आपल्याकडच्यासारखे गजरेवाले बसतात. तिथून मी मोगऱ्याचं एक रोप आणलं, तेही लावलं. त्याला कळ्या धरल्यात. गजरेवाला तमिळ होता, त्याला मराठी येत नव्हतं, मला तमिळ. पण त्याने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि मग गजरा पुढे केला नाही, रोपच पुढे केलं. काही गोष्टींना भाषा लागत नाही.

संजीवनीने यंदा चैत्रगौरीचं हळदीकुंकू करायचं ठरवलंय. पाडवा झाल्यावर पुढच्या शनिवारी, बायकांना सुट्टी असते म्हणून. जहाजावरच्या लोकांच्या बायका येतील, विद्यापीठातल्या दोघीतिघी येतील, आणि तुमच्या शेजारची सुरेखा येईल. ती सेरंगूनला राहते, नवरा बंदरावर मोठ्या पगारावर आहे. मागच्या आठवड्यात आली होती. तिने खिडकीतून माझी पट्टी बघितली आणि म्हणाली, "मावशी, छंद चांगला आहे हो, या वयात मन रमवायला काहीतरी हवंच. गौरीपुढे फुलं तुमचीच ठेवू. तुम्ही आतून देत जा."

आतून देत जा. गोड बोलते पोरगी, आईवर गेलीय.

तुम्हाला आठवतं, कराडला हळदीकुंकवाच्या सकाळी मी विहिरीपाशी बसून वेण्या गुंफायची. अबोलीत मरवा घालून. मग त्या ओल्या फडक्यात गुंडाळून तबकात ठेवायच्या आणि तबक माजघराच्या उंबऱ्यावर. मी आत हात घेतला की पलीकडून कोणीतरी उचलायचं. दोघींचे हात एका वेळी तबकाला लागू द्यायचे नाहीत. बायका म्हणायच्या, वेणी कोणी केली गं, काय सुबक आहे. तुम्ही म्हणायचात, घरचीच आहे.

तर परवा संजीवनी यादी करत होती, कोण पन्हं देईल, कोण हळद लावेल. मी आपलं म्हटलं, मी ईशाच्या खोलीत बसेन, दार लावून घेईन, तुम्हाला काही लागलं तर टकटक करा. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "आई, तुम्हाला आत बसायला कोणी सांगितलंय?"

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. इथे तर कोणीच नाही. मी इथे येऊन दोन वर्षं झाली आणि मागचं दार नसलेल्या घरातसुद्धा मी मागचं दार शोधत होते.

असो. लांबलं पत्र. हेमचंद्ररावांना एरंडाचं पान बांधलंत का?

तुमची,
जयवंती

---

यिशुन
सोमवार, ता. २४ एप्रिल १९९५

तीर्थरूप सौ. वन्सं यांस,

नमस्कार.

तुमचं पत्र शनिवारी आलं. इतकं छोटं पत्र तुम्ही मला कधी लिहिलं नव्हतं. 'सुरेखाने आईला फोनवर सांगितलं ते खरं का? तू केसांत फूल घालून हळदीकुंकवात मिरवलीस? खरं असेल तर लग्नाला येऊ नकोस.'

खरं आहे.

आता सगळं सांगते, कारण सुरेखा फक्त वरच्या मजल्यावर होती. गोष्ट खाली सुरू झाली.

त्या शनिवारी सकाळी गौरीसाठी फुलं आणायला मी ईशाला घेऊन खाली गेले. काय फुललं होतं म्हणून सांगू! ती फेकून दिलेली लाल शेवंती, तिला पहिली फुलं आली होती, सणाला होती तशी ताटाएवढी नव्हेत, रुपयाएवढी, पण गच्च, आणि रंग असा की बघत राहावं. पिवळीला कळ्या. अबोलीचे तुरे. संत्र्याच्या झाडाला पांढरी फुलं, त्यावर मधमाशी. कुठून आली मधमाशी एवढ्या इमारतींत? आणि मोगरा उमलला होता. पहिलाच. ओंजळभर फुलं निघाली. वासाने मला भोवंडल्यासारखं झालं.

मी एक मोगरा घेतला आणि अंबाड्यात खोवला.

मी तुम्हाला असं लिहू शकले असते की हात भरलेले होते, ठेवायला जागा नव्हती. पण परडी ईशाने धरली होती. माझे दोन्ही हात चांगले रिकामे होते.

मनात होतं की वर जाताना काढून टाकीन. तेवढ्यात लिमबाई बाजारातून आली. तिने मला बघितलं आणि हातातली पिशवी सोडली, अंडी फुटली त्यातली. धावत आली आणि माझे दोन्ही हात घट्ट धरले. डोळ्यांत पाणी. ईशाला काहीतरी विचारलं आणि ईशाचं तोंड पांढरं पडलं.

"आजी," ती म्हणाली, "ती विचारते कोण मेलं? पप्पा का?"

माझ्या लक्षात येईना. मग लिमबाईने माझ्या अंबाड्याला बोट लावलं आणि स्वतःच्या केसांना लावलं, आणि ईशाने हळूहळू सगळं सांगितलं. त्यांच्यात घरातलं माणूस गेलं की बाया केसांत पांढरं फूल खोवतात, लोकरीचं. लिमबाईने नवऱ्यासाठी किती महिने घातलं होतं. पांढरं फूल घालून बाई बाहेर पडली की समजायचं, घरात सुतक आहे. नंदू तिकडे गोदीत लोखंडाखाली काम करतो, तिला वाटलं त्याचंच काही झालं.

मला हसू यायला लागलं. वन्सं, मी इतकी हसले की गटाराच्या कठड्यावर बसले. आपल्यात नवरा गेला म्हणून फूल काढतात, त्यांच्यात नवरा गेला म्हणून घालतात, आणि मधे माझं एकच डोकं.

ईशाला म्हटलं, "सांग तिला, पप्पा बरा आहे. मेले ते आजोबा, चौदा वर्षांपूर्वी. आज मोगरा फुललाय."

लिमबाईने ऐकलं. मग रागावली माझ्यावर, अंड्यांवरून असेल. तिने माझ्या केसांतला मोगरा उपटला, नो नो नो म्हणत, आणि पट्टीपाशी वाकून लाल शेवंतीचं सगळ्यात मोठं फूल खुडलं. ज्या झाडाला ती मेलं म्हणत होती त्याचंच. ते तिने माझ्या अंबाड्यात घातलं, मागे सरून बघितलं, जरा डावीकडे सरकवलं आणि मान डोलावली. तिच्या लेखी जिवंत बाईने लालच घालायचं.

चौदा वर्षांत कोणी माझ्या केसांना हात लावला नव्हता.

दुपारी बायका जमल्या. मी ईशाच्या खोलीत होते. दार लावलेलं. अंबाड्यात शेवंती तशीच. आरसा समोर. मी काही नव्या नवरीसारखी बघत बसले नव्हते, पण बघितलं. बाहेर कोणीतरी म्हणालं, काय सुरेख अबोली आहे हो, कोणी लावली? आणि सुरेखा म्हणाली, "घरचीच आहे."

तेच शब्द. मी उठले आणि दार उघडलं.

बाहेर आले. सुरेखाची नजर माझ्या कपाळावर गेली, मग केसांवर. मी गौरीपुढची कुंकवाची कोयरी उचलली. कोणापुढे धरू ते मला कळेना. तेव्हा आमची संजीवनी पुढे आली आणि तिने कपाळ पुढे केलं. जिचा नवरा रोज जहाजाच्या पोटात उतरतो ती. मी म्हटलं, नीट विचार कर गं. ती म्हणाली, "आई, लावा. डाळ गरम होतेय."

लावलं. मग आणखी दोघींनी कपाळ पुढे केलं, एक कोकणातल्या जहाजवाल्याची बायको आणि एक विद्यापीठातली पोरगी. सुरेखाने रुमाल काढून घाम पुसायला घेतला आणि कपाळ झाकलं. मी तिला ओलांडून पुढे गेले. तिचं कपाळ तिचं आहे.

लिमबाईला मी बोलावलं होतं. ती चांगली लांब विजार घालून आली होती, फुटल्या नाहीत तेवढ्या अंड्यांचा केक घेऊन. मी तिला हळद लावली, कुंकू लावलं, ओटीत हरभरे घातले. तिला ओटी म्हणजे काय कळेना, तिने सदऱ्याचं टोक धरलं. कैरीची डाळ खाल्ली आणि तोंड वाकडं करून पुन्हा मागितली. तर सुरेखाने आईला फोनवर हेही सांगितलं असेल की एका विधवेने दुसऱ्या विधवेची ओटी भरली. नसेल सांगितलं तर मी सांगते.

कुंकू मात्र मी स्वतःला लावलं नाही. संजीवनी लावत होती, मी नको म्हटलं. मला कुंकवाची हौस कधीच नव्हती, कपाळाला खाज सुटायची, तुम्हाला ठाऊक आहे. मला फूल हवं होतं. चौदा वर्षं मला फक्त फूल हवं होतं.

शनिवार म्हणून नंदू संध्याकाळी लवकर आला. दारातच थांबला. माझ्याकडे बघितलं, आत जाऊन हात धुतले आणि कॅमेरा घेऊन बाहेर आला. म्हणाला, आई, खाली चल, उजेड आहे तोवर. तो फोटो सोबत पाठवते. मागे माझी पट्टी आहे, कडेला उभी आहे ती लिमबाई, दात दाखवतेय ती ईशा. फूल नीट दिसतंय. सुरेखाच्या आईने सांगितलं त्यापेक्षा फोटोत बरं कळेल.

रात्री ईशाला मी खरं सांगितलं, की गं. भा. ही पोस्टाची खूण नव्हे. गंगा भागीरथी. नवरा नसलेल्या बाईच्या नावाआधी लिहितात. तिने विचार केला. "गंगा म्हणजे रिव्हर ना? बट आजी, यू नॉट रिव्हर, लाह." मी म्हटलं, नाही बाई, नदी नाही मी.

आता तुमचं माझं.

तुमचा भाऊ गेला त्या दिवशी माझ्या अंबाड्यातली वेणी तुम्ही काढलीत. अबोलीचीच होती, सकाळी मीच गुंफलेली. दुसऱ्या कोणाला तुम्ही हात लावू दिला नाहीत, हे मी विसरले नाही. तुम्ही रडत होतात. आकडा केसांत अडकला तर तुम्ही थांबलात आणि विचारलंत, दुखतंय का गं. मी नाही म्हटलं.

दुखत होतं, वन्सं. एवढंच सांगायचं राहिलं होतं.

तुम्ही रीतीने वागलात. मीही वागले. आता मला ती रीत पुरे झाली. ती मी कोणावर रागावून सोडत नाही, तुमच्यावर तर नाहीच. चपला झिजल्या की आपण त्यांच्यावर रागावत नाही.

मी लग्नाला येतेय. नंदूने तिकीट काढलंय. रिक्षा पुढच्या दाराशी थांबवीन, मागच्या बोळात नाही. ते घर तुमच्या भावाचं होतं आणि माझंही आहे, हे मी कधी लिहिणार नव्हते, पण आज लिहिते. अंबाड्यात फूल असेल. लाल शेवंती प्रवासात टिकणार नाही, कराडच्या मंडईतलं घेईन. औक्षणाला वाती इथूनच वळून आणतेय, लिमबाईनेही दोन वळल्यात, वाकड्यातिकड्या आहेत पण पेटतील.

परेशला यातलं काही कळवू नका, लग्नाच्या पोराच्या डोक्याला ताप नको. हे दोघींतलं आहे. मी पायरीवर उभी राहीन. दार लावून घ्यायचं असेल तर तुम्ही स्वतः उठून लावा, सुरेखाच्या आईला पुढे करू नका. आणि उघडायचं असेल तरीही तुम्हीच उघडा.

अबोलीच्या शेंगा भरल्यात. पाणी लागलं की तडतडून बी उडतं, म्हणून डबीत कोरड्या ठेवल्यात. विहिरीच्या कडेची माती तेवढी खणून ठेवायला सांगा. दार लावलंत तरी बी मी भिंतीवरून आत टाकणार आहे.

यापुढे पाकिटावर माझ्या नावाआधी काही लिहू नका. पोस्टमनला नाव पुरतं.

जयवंती